टेनिस कोर्टावरची अर्धी घोषणा

टेनिसचा सामना बघताना तुम्ही गप्प का बसता?

क्रिकेटच्या मैदानावर तुम्ही घसा बसेपर्यंत ओरडता. कबड्डीला शिट्ट्या मारता, कुस्तीला फेटे उडवता. मग टेनिसच्या कोर्टापाशी आलात की तुमचे हात मांडीवर कोण आणून ठेवतं? पंधराव्या वर्षी मला या प्रश्नाचं उत्तर ठाम माहीत होतं. ते मी साठ प्रतींमध्ये छापून लखनौभर वाटलंही होतं. आज तेवढा ठामपणा उरलेला नाही, पण प्रश्न सुटलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही तेव्हा लखनौच्या कडेला, तेलीबागला भाड्याच्या घरात राहायचो. बाबा बँकेत होते, आणि बँकेपेक्षा जास्त युनियनमध्ये. युनियनमुळेच सोलापूरहून इतक्या लांब फेकले गेलो, असं आईचं म्हणणं. बाबा म्हणायचे, बरं झालं, इथेही माणसं आहेत. आमच्याकडे टीव्हीच्या आधी पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र आलं. घरात गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरूनच. 'माकड' हा शब्द ओळखण्याआधी मला 'महागाई' ओळखता यायचा.

घोषणा द्यायचं शिक्षणही घरातलंच. जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या दारात सभा व्हायची, तिथे शाळेला सुट्टी असली की बाबा आम्हा दोघी बहिणींना न्यायचे. एकदा घरी पलंगावर उभं राहून मी अख्खी घोषणा एकटीच दिली. बाबांनी मला खाली उतरवलं.

"पूर्ण नाही द्यायची," ते म्हणाले. "अर्धी द्यायची आणि थांबायचं. उरलेली लोकांची असते."

ताई शेजारी गृहपाठ करत होती. त्यानंतर आमचा तो खेळच झाला. मी स्वयंपाकघरातून अर्धी द्यायची, ती न्हाणीघरातून उरलेली. आई म्हणायची, या घरात दूध उतू गेलं तरी आधी निषेध होतो, मग गॅस बंद होतो.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिच्या हातात रॅकेट आली ती मराठी मंडळामुळे. लखनौत मराठी घरं मोजकी, गणपतीत भेटायची. त्यातले एक काका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. त्यांच्या वसाहतीत सिमेंटचं टेनिस कोर्ट होतं आणि खेळायला कोणी नव्हतं. त्यांनी ताईला पलीकडे उभं केलं, चेंडू परतवायला. दोन वर्षांत ती त्यांना कोर्टभर पळवू लागली. सकाळी सहाला ती सायकल काढायची. थंडीत धुक्यामुळे पुढचं काही दिसायचं नाही, म्हणून घंटी वाजवत जायची. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मला अंथरुणात ऐकू यायची.

बाबांना हे पचायला जड गेलं. "साहेब लोकांचा खेळ आहे," ते म्हणायचे. पण अमीनाबादच्या बाजारात कागद आणायला गेले की तिच्यासाठी कॅनव्हासचे बूटही तेच आणायचे, आणि ते नेहमी एक नंबर मोठे असायचे.

मी सांगते ती थंडी ताईची ज्युनिअर गटातली शेवटची. त्या वर्षीच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचणाऱ्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. राज्याचं प्रमाणपत्र मिळालं की पुण्याच्या एका कॉलेजात खेळाडूंच्या राखीव जागेवर प्रवेश, हॉस्टेलसकट. ताईने त्या कॉलेजचं माहितीपत्रक गादीखाली ठेवलं होतं. "तिथे रिक्षावाल्याशी मराठीत बोलता येतं, यार," ती म्हणायची. "इथे प्रत्येकाला सांगायचं, भैया, आम्ही मुंबईचे नाही."

ती गेल्यावर मी कोणाशी बोलणार होते, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. शाळेत मला मैत्रीण नव्हती. मुली वाईट नव्हत्या; मीच मधल्या सुट्टीत त्यांना कामाच्या तासांबद्दल सांगत बसायचे. माझं ऐकून घेणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला जायचं होतं. मलाही ती जायला हवी होती. या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात ते मला अजून नीट मांडता येत नाही.

उपांत्यपूर्व सामन्याला मी काकांबरोबर गेले होते. लष्करी छावणीच्या बाजूला एक जुना क्लब होता. लाल मातीची कोर्टं, कडेला वेताच्या खुर्च्या. ताई जिंकली, पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. समोरच्या मुलीचं सगळं घर आलं होतं: आई, वडील, मावश्या, चुलत भावंडं. थर्मासमधून चहा निघत होता. मुलीने गुण मिळवला की डझनभर माणसं हळूच टाळ्या वाजवायची आणि कोणीतरी मऊ आवाजात म्हणायचं, "वेल प्लेड, बेटा." ताईने गुण मिळवला की काका दोन टाळ्या वाजवायचे आणि मी दोन. मी जरा मोठ्याने "वा ताई" म्हटलं तर सगळी रांग वळून माझ्याकडे बघायची.

"इथे असं नसतं," काका म्हणाले.

"ते बोलले ते चालतं?"

"ते हळू बोलले."

"बारा जण हळू बोलले, काका. मी एकटी आहे, मला बाराजणांइतकं ओरडावं लागणार."

काका हसले. मग त्यांनी नीट समजावलं. चेंडू नुसता डोळ्यांनी खेळत नाहीत, कानांनीही खेळतात. समोरच्याच्या रॅकेटवर तो कसा वाजला त्यावरून किती जोरात येतोय ते कळतं. शांतता खेळाडूसाठी असते. हे खरं होतं. ताईनेही घरी तेच सांगितलं. पण मला तेव्हा खरं ऐकायचं नव्हतं. मला वाटत होतं की या शांततेला मालक आहे. ज्याची माणसं येऊ शकतात, ज्याच्या माणसांना आपण इथलेच आहोत असं वाटतं, त्याची कुजबुजही ऐकू येते. बाकीच्यांनी नियम पाळायचा. माझं हे मत आजही बदललेलं नाही.

उपांत्य सामना रविवारी होता. गुरुवारी मी यंत्राचं स्टेन्सिल घेतलं, बाबांचं लोखंडी टोकाचं पेन घेतलं आणि हिंदीत पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, 'यह चुप्पी किसकी है?' पहिल्या परिच्छेदात गोऱ्या साहेबाने ही शांतता कशी आणली ते होतं. दुसऱ्यात तो गेला तरी ती का राहिली. तिसऱ्यात तेलीबागची मुलगी पहिल्यांदाच इथवर पोचली आहे, तिला आवाज द्या. आणि तळाशी सूचना: मी म्हणेन 'जीतेगी भई जीतेगी', आपण म्हणायचं 'तेलीबाग जीतेगी'.

साठ प्रती काढल्या. बोटांची शाई तीन दिवस गेली नाही. बाजारात दुकानादुकानांत दिल्या, शाळेत दिल्या, मंडळाच्या हळदीकुंकवात बायकांच्या हातात वाणाबरोबर दिल्या. भाजीवाल्याने पत्रक वाचलं आणि म्हणाला, "लिखा तो जोरदार है, बिटिया." एवढी स्तुती मला पुरेशी होती.

बाबा येतील असं मी धरून चालले होते. शनिवारी ते पिशवी भरताना दिसले.

"रविवारी सेमीफायनल आहे," मी म्हणाले.

"रविवारी दिल्लीला निदर्शनं आहेत. तारीख तीन महिन्यांपूर्वी ठरलीय. मी माणसं घेऊन चाललोय, मीच नाही गेलो तर कसं?"

ताई दारात रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. "हाँ, ठीक आहे," ती म्हणाली. "जा तुम्ही. मी सांगेन काय झालं ते."

आई शिक्षिका होती, तिला परीक्षेच्या देखरेखीची ड्युटी लागली होती. रविवारी सकाळी आम्ही दोघी बहिणी टेम्पोने, म्हणजे तिथल्या शेअर रिक्षाने निघालो. ताईने ते मोठे बूट दोन-दोन मोजे घालून घट्ट केले होते. मी वाटेत फाटकापर्यंतची जागा मनात आखत होते: साठातले तीस तरी येतील, मग त्यांना कुठे उभं करायचं.

कोणीच आलं नाही. नऊ वाजले, सामना सुरू झाला. मी दर गेमनंतर फाटकाकडे बघत होते. तिथे फक्त शेंगदाणेवाला होता, आणि त्याला आत यायला परवानगी नव्हती. काका माझ्या शेजारी शाल लपेटून बसले. समोरच्या बाजूला वेताच्या खुर्च्या भरलेल्या.

पहिला सेट ताईने घालवला, दुसरा घेतला. तिसऱ्यात चार-चार. ताईची सर्व्हिस. तिने एक लांबलचक गुण मिळवला. इतका लांब की काकांनी शालीतून हात बाहेर काढले आणि टाळी वाजवायची राहूनच गेली. ताईचा बॅकहँड कोपऱ्यात पडला, समोरची मुलगी पोचली नाही. पलीकडून "हार्ड लक, बेटा" असं मऊपणे आलं.  मी उभी राहिले.

"जीतेगी भई जीतेगी."

आणि थांबले.

मला दुसरं येतच नव्हतं. आवाज द्यायचा म्हणजे अर्धा द्यायचा, एवढंच मला शिकवलेलं. मी तोंड मिटलं आणि उरलेल्या अर्ध्याची वाट बघत उभी राहिले. गुण संपलेला होता, चेंडू खेळात नव्हता, म्हणजे नियमही मोडलेला नव्हता. पण त्या क्लबात मी इतकी शांतता आधी ऐकली नव्हती. एक खुर्ची करकरली. कोणीतरी हसलं. ताई रेषेवर उभी होती, तिने चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला, आणि तो हातात धरून माझ्याकडे वर बघितलं.

उंच खुर्चीवरचे पंच म्हणाले, "क्वायट प्लीज."

"खाली बस," काका म्हणाले.

ताईने दोन्ही सर्व्हिस जाळीत मारल्या. पुढचा गुण गेला, त्याच्या पुढचा गेला. तो गेम गेला आणि त्याच्यानंतरचाही. समोरच्या मुलीने जाळीपाशी येऊन तिच्याशी हात मिळवला. ती चांगली मुलगी होती; मला तिचा राग धरता आला असता तर बरं झालं असतं.

टेम्पोत आम्ही समोरासमोर बसलो. छावणी मागे पडली. मी म्हणाले, "माझ्यामुळे हरलीस."

"नाही."

"मी ओरडले म्हणून."

"ओरडलीस ते चांगलंच वाटलं." ती बाहेर बघत होती. "पण तू थांबलीस ना. मग मी पण थांबले. मला वाटलं आता कोणीतरी बोलेल. मला माहीत होतं कोणी नाहीये, बघितलं होतं मी. तरी वाट बघत राहिले, पागलसारखी." मग म्हणाली, "त्या आधी मला कळलंच नव्हतं की इतकं कोणी नाहीये."

टेम्पोतल्या एका बाईने विचारलं, "खेल के आ रही हो, बेटा? जीत गईं?" ताई म्हणाली, "हाँ आंटी." मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "त्यांना काय सांगू सगळं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकूंनी मला घराच्या फाटकापाशी अडवलं. हातात माझं पत्रक होतं, चौघडी घातलेलं.

"हम तो तैयार बैठे थे," त्या म्हणाल्या. "इनको भी स्वेटर पहना दिया था. पर बेटा, आना कहाँ था?"

मी पत्रक घेतलं. गोरा साहेब होता, मालक होता, तेलीबागची मुलगी होती, रविवारही होता. क्लबचं ठिकाण नव्हतं आणि वेळ नव्हती. तीन परिच्छेद मी लोकांना का यायचं ते पटवलं होतं आणि कुठे यायचं ते लिहिलंच नव्हतं. बाजारात कोणी विचारलं असेल तर मी त्यांना पुन्हा पहिला परिच्छेद ऐकवला असणार.

बाबा मंगळवारी पहाटे आले, घसा पूर्ण बसलेला. आईने त्यांना सगळं सांगितलं. ते माझं पत्रक घेऊन खिडकीशी गेले आणि दोनदा वाचलं. मला वाटलं, स्टेन्सिल वाया घालवलं म्हणून बोलतील.

"मी असतो तर ओ दिली असती," ते म्हणाले. त्या आवाजात ते कुजबुजल्यासारखं आलं.

ताई आतून म्हणाली, "पण तुम्ही नव्हता ना, बाबा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. बाबांनी पत्रकाची घडी घातली. मग चहा गार होतोय म्हणून आईने हाक मारली.

ताईने लखनौतच बी. ए. केलं. रॅकेट काही दिवस दारामागे होती, नंतर माळ्यावर गेली. लग्न होऊन ती इंदूरला गेली. बाबांची बदली परत सोलापूरला झाली तेव्हा माझं विद्यापीठातलं शेवटचं वर्ष राहिलं होतं, म्हणून मी मागे राहिले. आता तेलीबागलाच एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहते. दिवसभरात माझ्या तोंडून मराठी निघते ती लिहिताना, आणि तीही मनातल्या मनात. पत्रकं अजून लिहिते. ठिकाण आणि वेळ सगळ्यात वर लिहिते.

गेल्या थंडीत मी त्याच क्लबात ज्युनिअर मुलींचे सामने बघायला गेले. कोणी ओळखीचं खेळत नव्हतं. का गेले, ते विचारू नका. रविवार होता आणि खोलीत बसवत नव्हतं.

तिथे एक गृहस्थ होते. बहुतेक बाहेरगावाहून आलेले, शेजारच्या खुर्चीवर प्रवासाची बॅग, पायांत चामड्याच्या चपला आणि मोजे. त्यांची मुलगी मागे पडली होती. प्रत्येक गुण संपला की ते म्हणायचे, "शाबाश गुड़िया." फार मोठ्याने नाही, पण त्या जागेच्या मानाने मोठ्यानेच. रांगा वळून बघायच्या. ते खाली बघून बॅगेची चेन सारखी करायचे, आणि पुढच्या गुणानंतर पुन्हा म्हणायचे, "शाबाश गुड़िया."

ते पूर्ण वाक्य होतं. त्यात कोणी भरायला काही उरलेलं नव्हतं. तरी त्यांच्या नंतर ती जागा तशीच रिकामी राहायची, मला ऐकू येणारी. मी दोनदा गप्प बसले. इतकी वर्षं या विषयावर बोलणारी, लिहिणारी मी, मांडीवर हात ठेवून बसले. आपण कोण यांचे, असं वाटत राहिलं. तिसऱ्या वेळी ते बोलले आणि मी मागून म्हणाले, "शाबाश गुड़िया." सकाळपासून कोणाशी बोललेले नव्हते, आवाज फाटलाच.

त्या गृहस्थांनी वळून बघितलं.  शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलून त्यांनी खाली ठेवली. मी जाऊन बसले. पुढचा गुण मुलीने मिळवला तेव्हा आम्ही दोघं एकदम ओरडलो आणि दोघांनीही डोळे पंचांच्या खुर्चीकडे वळवले. पंच पेन्सिलने काहीतरी लिहीत होते.

मुलगी हरली, सरळ दोन सेटमध्ये. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती, ते घाईने निघाले. मी ताईला हे सगळं पत्रात लिहिलं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. तिचं बाळ लहान आहे.

माझं म्हणणं आजही हेच आहे की टेनिसच्या प्रेक्षकांनी जास्त आवाज करावा. चेंडू खेळात असताना नाही. काका बरोबर होते, त्या वेळी कान खेळाडूचा असतो. पण दोन गुणांच्या मध्ये जी वेळ आहे ती कोणाच्या खानदानाची नाही. ती शिष्टाचाराच्या नावाखाली ज्यांच्याकडे माणसं आहेत त्यांनाच देऊन टाकू नका.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या गावात या थंडीत कुठेतरी टेनिसचे सामने असतीलच, मुलांचे, मुलींचे. फाटक उघडं असतं आणि तिकीट नसतं. एका रविवारी सकाळी जा. कोणाच्या बाजूला एकच माणूस बसलाय ते बघा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. खेळाडूचं नाव त्याला विचारून घ्या. गुण संपल्यावर तो ओरडला, की तुम्हीही ओरडा.